सोनेरी अक्षरांतला हुकूम

एका नगरात एक राजा होता. त्याच्या पदरी हत्ती होते, घोडे होते, भाट होते आणि एक वेबसाईट होती. राजाचे हुकूम दवंडी पिटून नव्हे, या वेबसाईटवरच जाहीर होत. फिकट पिवळ्या पानावर नाजूक, सोनेरी, वेलबुट्टीची अक्षरं. अक्षरं कसली, अक्षरांची चित्रंच ती. ती काढणारा हेरंब दरबारात मानाच्या आसनावर बसायचा.

त्याच नगरात भर चौकात सगुणा कासारणीचं बांगड्यांचं दुकान होतं. सगुणाला जन्मापासून दिसत नव्हतं. त्यावाचून तिचं फारसं अडत नसे. तिच्या संगणकात एक आवाज होता. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो घडाघडा वाचायचा. त्याच्या जोरावर ती माल मागवायची, कादंबऱ्या वाचायची आणि आवडली नाही तर लेखकाला तसं कळवायची.

राजाच्या वेबसाईटवर गेलं की मात्र तो आवाज म्हणायचा, "चित्र." सगुणा पुढे सरकायची. "चित्र." आणखी पुढे. "बटण." कसलं बटण, ते त्या बटणालाच ठाऊक.

एकदा तिने तक्रार करायची ठरवली. चाचपडत, चुकत ती तक्रारीच्या पानावर पोहोचली. तिथे शेवटी एक अट होती. अख्ख्या वेबसाईटवर तेवढी एक ओळ खऱ्या अक्षरांत होती, म्हणून आवाजाने ती स्पष्ट वाचली: "चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा आणि आपण माणूस आहात हे सिद्ध करा."

सगुणाने ती ओळ पुन्हा एकदा ऐकली. मग संगणक मिटला.

"बरं," ती म्हणाली. "मग जे मला वाचता येत नाही, ते मी पाळणारही नाही."

थोड्याच दिवसांत हुकूम निघाला, की चौकातली सगळी दुकानं वेशीबाहेरच्या नव्या बाजारात न्यावीत. एकेक दुकानदार निघून गेला. शेजारचा अत्तरवाला जाता जाता म्हणाला, "सगुणाताई, उठा आता. हुकूम आहे."

"कुठे आहे?"

"वेबसाईटवर."

"मग तो माझ्यासाठी नाही," असं म्हणून तिने गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला आणि बांगडी चढवली.

कोतवालाने तिला दरबारात नेऊन उभं केलं. हुकूम मोडणाऱ्याचं दुकान जप्त व्हायचं, आणि सगुणाचं पोट त्या दुकानावरच होतं.

राजा मनाने वाईट नव्हता. तिला पाहून त्याला कळवळा आला. "बिचारीला दिसत नाही. माफ करा तिला."

दरबाराने माना डोलावल्या.

"माफी नको, महाराज," सगुणा म्हणाली. "हुकूम मोडलाय, शिक्षा द्या. फक्त वाचायला द्या."

कोतवाल तिच्या कानाशी लागला. "बाई, मिळतंय ते घ्या आणि सुटा."

"मी सुटेन हो. पण माझ्यासारख्या बाकीच्यांचं काय?"

राजाला राग आला. त्याने तिथल्या तिथे जप्तीचा निकाल दिला. पण त्या राज्यात एक रिवाज होता. सारी प्रजा साक्षर असल्याचा राजाला अभिमान होता, म्हणून आरोपीने निकाल स्वतः वाचून "वाचला" असं म्हटल्याशिवाय शिक्षा लागू होत नसे. निकाल वेबसाईटवर झळकला. सगुणाने भर दरबारात बैठक मारली आणि संगणक उघडला.

"चित्र," आवाज म्हणाला. "चित्र. बटण."

कुणीतरी फिसकन हसलं.

"कारकून वाचून दाखवेल," राजा म्हणाला.

"मग वाचला कारकुनाने. 'वाचला' असं त्यानेच म्हणावं, आणि दुकानही त्याचंच जप्त व्हावं."

आता हेरंब उठला. "महाराज, एकट्या बाईसाठी ही शोभा घालवायची? साध्या काळ्या अक्षरांत राज्याची काय शान राहील?"

तेव्हा म्हातारे प्रधानजी खाकरले. "एकटी नाही ती. मोतीबिंदू झाल्यापासून त्या पिवळ्या पानावरचं सोनेरी अक्षर मला दिसलेलं नाही. आपण विचारता, 'हुकूम पाहिलात?' मी म्हणतो, 'वा.'"

"म्हणजे माझे हुकूम माझ्या प्रधानालाच ठाऊक नाहीत?"

"कौतुक करण्यापुरते ठाऊक आहेत, महाराज."

राजाने त्याच दिवशी वेबसाईट बदलायचं ठरवलं. त्याने हेरंबाला कामाला लावलं. अक्षरं खरी आणि ठळक हवीत, ज्याला हवी त्याला मोठी करता यावीत. प्रत्येक बटणाला नाव हवं. चित्र ठेवायचं तर त्यात काय आहे ते शब्दांत लिहायचं. आणि माणूस असल्याचा पुरावा कुणाच्या डोळ्यांकडे मागायचा नाही. हेरंब खूप कुरकुरला, पण काम झालं.

सगुणा पुन्हा दरबारात आली. आवाजाने आधी मूळ हुकूम वाचला, मग निकाल, ओळ न ओळ. राजा आसनावर जरा पुढे सरकून बसला. बाई आता आभार मानणार, असं त्याला वाटत होतं. भाटांनी गळे साफ केले.

"वाचला," सगुणा म्हणाली. "आणि हुकूम चुकीचा आहे. नव्या बाजाराच्या वाटेवर ओढा आहे, त्यावरच्या साकवाला कठडा नाही. तिथे मी पडेन, प्रधानजीही पडतील. मी हरकत नोंदवते."

"हरकतीची मुदत केव्हाच संपली," राजा म्हणाला.

"ज्यांना वाचता येत होतं त्यांची संपली. माझी आत्ता सुरू झाली."

तिने तिथेच बसून हरकत लिहिली. "पाठवा," बटणाने आपलं नाव सांगितलं. तिने ते दाबलं.

राजाने ती हरकत वाचून काढली. मग कोतवालाला म्हणाला, "जप्ती थांबवा. आधी या बाईंना उत्तर द्यावं लागेल."

तात्पर्य: जे सर्वांना लागू आहे, ते सर्वांना स्वतः वाचता आलंच पाहिजे, त्यासाठी कुणाची दया मागू नये, हक्क मागावा.