लाखाकाकूचा साचा

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका; ज्याने मला सांगितली, त्यालाही ते ठाऊक नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावाला एक खोड होती. तिथल्या माणसांना घरच्या घरी यंत्रं बनवायचा भारी नाद होता. पोटापाण्याचं काम उरकलं, की कोणी सूर्य मावळताना टिणटिणणारी डबी बनवी, कोणी वाऱ्यावर फिरून चिमण्या हाकणारं चक्र बनवी. त्यांतली निम्मी यंत्रं चालतच नसत. उरलेली चालत, पण फार दिवस नाही. कारण उघड्या यंत्रात धूळ जाई, मुंग्या जात आणि पावसाळ्यात चाकं गंजत.

यावर तोड काढली एका बाईने. ती लाखेच्या बांगड्या करी, म्हणून सगळे तिला लाखाकाकू म्हणत. लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांचा डिंकासारखा चिकट रस. ऊब लागली की मऊ होतो, गार झाला की टणक. काकूने लाखेची पोळीसारखी पातळ चादर लाटली आणि ती बांबूच्या चौकटीत ताणून बसवली. मग एक लाकडी पेटी केली, तिच्या झाकणाला चाळणीसारखी भोकं पाडली आणि पेटीला लोहाराचा जुना भाता उलटा जोडला. लोहाराचा भाता वारा फुंकतो, हा वारा ओढून घेई.

पेटीवर ठेवायचा लाकडी साचा. चौकट धरायची निखाऱ्यांवर. चादरीला झोळ पडला की चौकट चटकन साच्यावर दाबायची आणि भाता ओढायचा. मधला वारा निघून जाई आणि मऊ लाख साच्याला अशी घट्ट बिलगे, की गार झाल्यावर यंत्राचं अख्खं घर तयार. गावातल्या सगळ्या यंत्रांना अशी घरं मिळाली. काकूने त्याचा गर्व कधी केला नाही, फक्त एक रीत पाळली. घर तयार झालं की त्यावर घागरभर पाणी ओतायचं आणि आतून कोरडं निघालं तरच द्यायचं.

त्याच गावात एक वैद्य होता. नदीकाठच्या सात झोपड्यांचा त्याला घोर लागलेला असे. तिथे नावाडी राहत. नदी फसवी होती. गावात लख्ख ऊन असताना वरच्या डोंगरात पाऊस होई आणि पाणी अचानक चढून येई. त्या साली थोरल्या नावाड्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि बाळंतपण ऐन पावसाळ्यात येणार होतं. म्हणून वैद्याने पूरघंटा बनवली. नदीच्या पाण्यावर एक भोपळा तरंगत ठेवायचा. पाणी चढलं, भोपळा वर आला, की दोरी ढिली पडणार, खांबावरच्या यंत्रातली ताणलेली लोखंडी कमान सुटणार आणि घंटा वाजणार. दोनदा करून पाहिली, दोन्ही वेळा वाजली. आता तिला फक्त घर हवं होतं.

काकूने त्या घरासाठी साचा कोरला आणि झाकणही करून ठेवलं. तेवढ्यात डोंगरापलीकडून निरोप आला, की तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळली आहे. काकूला जावं लागलं. जाताना तिने साचा आणि भाता गावच्या सुताराकडे सोपवला.

"साचा आहे तसाच वापरा, सुतारदादा," एवढंच ती म्हणाली आणि निघाली.

सुताराचा हात सफाईचा होता. त्याने केलेल्या पाटाला कोणाचं लुगडं कधी अडकलं नाही. त्याने काकूचा साचा उजेडात धरला आणि त्याला हसूच आलं. झाकणाचा काठ बसावा म्हणून साच्याला सभोवार एक खाच होती, आणि त्या खाचेत सुईएवढी भोकंच भोकं. लाकडाला कीड लागलीय, हे त्याने एका नजरेत ओळखलं. निदान त्याला तसं वाटलं. बिचाऱ्या काकूला लाकडातलं काय कळणार! त्याने सरस आणि भुसा कालवून एकेक भोक बुजवलं, वर मेण घासलं आणि साचा आरशासारखा केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

मग त्याने लाख तापवली, चौकट दाबली, भाता ओढला. घर झालं. दिसायला काकूच्या घरांपेक्षा देखणं झालं. फक्त सभोवारची खाच जेवढी खोल उतरायला हवी होती तेवढी उतरली नव्हती, त्यामुळे झाकणाचा काठ नीट बसेना. सुताराला वाटलं, झाकणच चुकलं असणार. त्याने कानस घेऊन झाकणाचा काठ घासला, दाबून बसवला आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नाही.

वैद्य घर न्यायला आला तेव्हा त्याने पाण्याची घागर मागितली. सुताराचा चेहरा पडला. इतकी वर्षं गावात काम करतो, आता माझ्या कामाची परीक्षा घ्यायची का, असं तो म्हणाला. वैद्य ओशाळला आणि घागर राहिली. भीड भिकेची बहीण, हे वैद्यालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडावर नाही म्हणणं वेगळं.

दोन महिने पाऊस पडला. श्रावणात एका दुपारी आकाश निरभ्र होतं आणि नदी चढू लागली. घंटा वाजली नाही.

थोरल्या नावाड्याची बायको बाळंत होऊन चौथा दिवस होता. तिच्या पायाला पाणी लागलं तेव्हा तिला जाग आली. तिने हाक मारली. नावाडी धावला. एका खांद्यावर बायको, कुशीत मूल, असा तो छातीएवढ्या पाण्यातून चढण चढला. बाकीच्या झोपड्यांतली माणसंही कशीबशी वर आली. माणसं सगळी वाचली. पण नाव सोडवायला कोणाचे हात मोकळे नव्हते. त्यांची एकच नाव होती, सातही घरं तिच्यावर जगत, आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली.

पाणी ओसरल्यावर पंचांनी यंत्र उघडलं. आत पाणी साचलं होतं आणि कमान गंजून जागेवर चिकटली होती. लोक वैद्यावर उलटले. ज्याचं काम त्याने करावं, वैद्याने काढे उकळावेत, असं जो तो बोलू लागला.  वैद्याने घरातली सगळी यंत्रं अंगणात आणून ठेवली आणि हातोड्याने रोज एकेक मोडायला घेतलं. सुतार पलीकडून ते बघत होता. मग तो घरात गेला आणि काकूचा साचा काढून बघत बसला.

चार दिवसांनी लाखाकाकू परत आली. सुतार साचा घेऊन तिच्या दारात उभा राहिला. काकूने खाचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं,

"भोकं कुठं गेली?"

"बुजवली. कीड लागली होती."

"कीड नव्हती. मी पाडली होती ती, तापल्या सुईनं. लाख वरून येते, तेव्हा खाचेतला वारा खाली कोंडतो. त्याला जायला वाट नसली तर तो लाखेला आत येऊ देत नाही. म्हणून झाकण बसलं नसणार."

सुताराने बुजवलेल्या खाचेवर स्वतः बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "जाताना सांगायचं होतंत, काकू."

"सांगायला हवं होतं, चुकलंच माझं. पण माझी वाट डोंगरापलीकडं होती, दादा, नि साचा तुमच्या हातात होता. बुजवायच्या आधी कुणालातरी विचारायचं होतंत. मी ती पाडताना वैद्यबुवांनी पाहिलं होतं, त्यांना विचारलं असतंत तरी त्यांनी सांगितलं असतं."

सुतार तसाच उठला आणि पारावर गेला. माणसं जमलेलीच होती. भोकं आपण बुजवली, झाकण आपण घासलं आणि घागरही आपणच ओतू दिली नाही, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. मग तो वैद्याच्या अंगणात गेला आणि त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला.

पंचांनी ठरवलं, की सुताराने नावाड्यांना नवी नाव बांधून द्यावी आणि ती होईपर्यंत सातही घरांचं धान्य त्याने भरावं. सुताराने मान खाली घालून ते मान्य केलं. आठ महिने तो नदीकाठी राबला. त्याच्या मुलीच्या लग्नासाठी जपून ठेवलेलं सागवान त्या नावेत गेलं आणि लग्न एक वर्ष पुढे गेलं. मुलगी रोज दुपारी त्याची भाकरी नदीकाठी आणून देई. त्याचंच त्याला जास्त लागलं.

नाव पुरी होत आली तेव्हा थोरला नावाडी आला. त्याने तळाशी, मागच्या बाजूला कोळशाने एक खूण केली आणि तिथे अंगठा जाईल एवढं भोक पाडायला सांगितलं.

नावेच्या तळाला भोक! जमलेली माणसं हसू लागली. एकजण म्हणाला, की पुराने नावाड्याचं डोकं फिरलंय, सुतारा, तू लक्ष देऊ नकोस. सुतार हसला नाही. त्याने हातातलं किकरं, म्हणजे भोकं पाडायचं हत्यार, खाली ठेवलं.

"हे भोक कशासाठी, नावाडीदादा?"

"नाव काठावर ओढली, की आत साचलेलं पाणी यातून निघून जातं. पाण्यात घालताना लाकडी बूच ठोकायचं. नाहीतर फळ्या सहा महिन्यांत कुजतात."

सुताराने मान हलवली, किकरं उचललं आणि बरोबर खुणेवर भोक पाडलं. ती नाव पुढे तीस वर्षं चालली म्हणतात, आणि त्या वर्षीच्या मार्गशीर्षात सुताराची मुलगी तिच्यातूनच सासरी गेली.

बोध: दुसऱ्याच्या कामातली जी गोष्ट आपल्याला उमगत नाही, ती दोष समजून सुधारण्याआधी तिचं कारण विचारावं.