पुसदेकरांच्या भाषणाचा उपयोग

मे महिन्यात अकोल्यात वीजबचत सप्ताह भरला होता. समितीचे अध्यक्ष दिगंबरराव पुसदेकर एसी सभागृहात, थंडी वाजते म्हणून कोट चढवून, उन्हाळ्यात वीज कशी वाचवावी ते रोज भर दुपारी सांगत. एकदा माईक हातात आला की तो सुटत नसे. एके दिवशी ऐन रंगात पहिल्या रांगेतून घोरणं ऐकू आलं.

"ओ मावशी!" अध्यक्ष गरजले. "इथं झोपा काढता? वीज वाचवायला तुम्ही काय केलंत ते सांगा, नाहीतर चालत्या व्हा!"

गोदाबाई गावंडे डोळे चोळत उठल्या.

"घरचा कूलर बंद करून रोज इथंच येऊन झोपते ना, साहेब! अजून ऊन उतरलं नाही. तुमी बोलत राहा, फक्त जरा हळू बोला."