साखरेचा झगा

एका जंगलात एक सशीण राहत असे आणि त्या सशिणीच्या छातीत एक म्हातारा पहारेकरी राहत असे. मुलांनो, हसू नका. तुमच्याही छातीत असे पहारेकरी आहेत, त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात. आपल्या पहारेकऱ्याला डोळे नव्हते, सगळा कारभार हातांनी चाले. श्वासाबरोबर जे आत येई, ते तो चाचपून पाही. खरखरीत लागले की कवटाळून गिळून टाकायचे आणि गुळगुळीत, गोड लागले की घरचेच समजून सोडून द्यायचे, ही त्याची रीत. या रीतीने त्याने सशिणीला आजवर सांभाळले होते आणि त्याचा त्याला थोडा ताठाही होता.

एके दिवशी सशिणीने गवत हुंगले आणि श्वासाबरोबर दोन जंतू आत शिरले. दोघे सख्खे भाऊ. पहिला उघडाबंब होता; पहारेकऱ्याने त्याला धरले आणि गिळले, ढेकरसुद्धा दिली नाही. दुसऱ्याला धरायला जावे, तर तो मुठीतून निसटे. त्याच्या अंगावर साखरेचा जाड, बुळबुळीत झगा होता.

"आजोबा, घरच्यांनाच कशाला धरताय?" जंतू म्हणाला.

पहारेकऱ्याने बोट चाटून पाहिले. गोड लागले. "घरचाच दिसतोस. जा बाबा," असे म्हणून तो बाजूला झाला.

चूक झाली ती इथे. त्या एकाचे दोन झाले, दोनाचे चार, आणि बघता बघता छाती जंतूंनी भरून गेली. जो जन्माला येई, तो झगा घालूनच येई. छातीत पाणी साचले, सशिणीला श्वास पुरेना. बिळात पिल्ले दुधासाठी तिला ढुशा देत होती आणि तिला मान उचलवत नव्हती. ती गेली असती तर पिल्लेही गेली असती आणि पहारेकरीही.

पहारेकऱ्याने पुष्कळ धडपड केली, पण एकही जंतू त्याच्या हाती टिकेना. शेवटी तो दमून बसला. गिळलेल्या भावात आणि यांच्यात झग्यावाचून काडीचाही फरक नव्हता. एवढीशी साखर, आणि तिच्यापुढे सारी फौज लुळी पडावी! त्याला भीती वाटली आणि भीतीहून जास्त अचंबा वाटला.

"हात धुऊन टाक," त्याच्या शेजारचा दुसरा एक पहारेकरी म्हणाला. "अब्रू गेली ती गेली, निदान हा चिकटा तरी नको."

पहारेकऱ्याने तळहात चाचपला. निसटताना प्रत्येक जंतू आपल्या झग्याचा थोडा चिकटा तिथे ठेवून गेला होता. हात धुवायचे सोडून त्याने तो चिकटा निपटला आणि रक्तातून वाहत चाललेल्या एका तांबड्या पेशीकडे दिला.

तिने तो पोटातल्या प्लीहेत नेला. तिथे कारागीण पेशींची मोठी वस्ती आहे. प्रत्येकीला एकाच मापाचे काम येते आणि त्या मापाची वस्तू येईपर्यंत ती हात बांधून बसून राहते. चिकटा एकीकडून दुसरीकडे फिरत गेला. कुणाच्याच मापाला बसेना. मग कोपऱ्यातल्या, जन्मभर रिकाम्या बसलेल्या एका कारागिणीपुढे तो आला आणि तंतोतंत बसला. जो जंतू त्या अंगात पूर्वी कधी आलाच नव्हता, त्याचे माप तिच्यापाशी आधीपासून तयार होते. त्याचा विचार केला की मला नुसते गप्प बसावेसे वाटते.

"कुणी पाठवलं हे?" कारागिणीने विचारले.

"पहारेकऱ्यानं," तांबडी पेशी म्हणाली. "ज्याचा हा चिकटा, तो जंतू त्याच्या हातून निसटला."

"बरं झालं, त्यानं हात धुतला नाही," कारागीण म्हणाली आणि कामाला लागली. तिने एकीच्या अनेक कारागिणी केल्या आणि सगळ्यांनी मिळून चिमट्यांचा ढीग घातला. चिमट्याचे एक टोक झग्याला घट्ट बसणारे, दुसरे पहारेकऱ्याच्या मुठीच्या मापाचे.

चिमटे रक्तातून वाहत छातीत आले आणि दिसेल त्या झग्याला जाऊन बसले. जंतूंना त्याचे काहीच वाटले नाही. त्यांच्यातला एक नेहमीच्या ऐटीत पहारेकऱ्याच्या अंगावरून निघाला. पहारेकऱ्याने हात टाकला आणि या वेळी मूठ बसली. जंतूने अंग झटकले, पुन्हा झटकले. एकही चिमटा सुटेना.

"झगा टाकून दे की," पहारेकरी म्हणाला.

"टाकला तर उघडा पडेन. मग तर तू गिळशीलच."

"हो," पहारेकरी म्हणाला, आणि त्याला झग्यासकट गिळले.

मग दुसरा, मग तिसरा. हळूहळू छातीतले पाणी ओसरले. सशिणीने मान उचलली, एक लांब श्वास घेतला आणि पिल्लांना जवळ ओढले.

तात्पर्य : हरलेल्या हाताला जे चिकटते, ते लाजेने धुऊन टाकू नये, शत्रूला धरण्याची जागा त्यातूनच सापडते.