मोहाच्या फुलांनी उजळलेलं प्रथिन

मंडळी, विश्वास कोणावर ठेवाल, घाबरवणाऱ्यावर की धीर देणाऱ्यावर?

फार पूर्वी रानतळ्यात कण्हेरीचं विष मिसळल्याची बातमी उठली. सुगरण पक्षिणीने साखर पकडणाऱ्या एका इवल्या प्रथिनाची घडी उसवून नवी विणली. विष पकडलं की त्याने उजळायचं. तळ्यात सोडताच ते लखलखलं. हरिणीने तहानलेलं पाडस मागे ओढलं.

"सुगरणबाई, थांबा," प्रथिन म्हणालं, "मला अजून साखरही चिकटते. इथे मोहाची गोड फुलं गळलीत, हा उजेड त्यांच्या साखरेचाही असेल."

"अरे मेल्या, माझं लेकरू मरायला टेकलंय! नक्की काय ते सांग," हरिणी कडाडली.

साखर आत शिरू नये म्हणून सुगरणीने घडी आणखी आवळली. कण्हेरीच्या चिकात प्रथिन उजळलं, मोहाच्या रसात मात्र विझलेलंच राहिलं. मग ते तळ्यात उतरलं. उजेड पडला नाही. पाडस घटाघटा प्यायलं.

बाबांनो, विश्वास खरं कारण तपासून सांगणाऱ्यावर ठेवा, आणि तुमच्या हिशेबातही काय कशामुळे आलं ते खरं मांडा, एवढीच विनंती.