सर्वांत नम्र कोण?

कराडच्या एका कॉलनीत शिंगटे सरांचा कराटे क्लास आणि भोपळे सरांचा तायक्वांदो क्लास अगदी समोरासमोर सुरू झाले. पोरांना कुठं घालायचं, हे कळेना. शेवटी सगळ्या आया म्हणाल्या, "सुलक्षणाताई ठरवतील तिथं घालू." ताईंची मुक्ता कॉलनीत सर्वांत आगाऊ होती. ती जिथं सुधारेल तिथं कुणीही सुधारेल!

संध्याकाळी दोन्ही सर काळे पट्टे आवळून ताईंच्या घरी हजर झाले.

"आमच्याकडं आधी नम्रता, मग लाथ!" शिंगटे सर गरजले.

"ह्यांना काय ठाऊक नम्रता?" भोपळे सरांनी छाती फुगवली. "माझ्याइतका नम्र माणूस अख्ख्या जिल्ह्यात दाखवा!"

शिंगटे सरांनी बाह्या सरसावल्या.

"थांबा," ताई म्हणाल्या. "जो दुसऱ्याचा क्लास चांगला म्हणेल, तो खरा नम्र. त्याच्याकडं मुक्ता येईल, आणि तिच्यामागं सगळी कॉलनी."

मग शिंगटे सर ओरडले, "ह्यांचा क्लास चांगला!"

"खबरदार! ह्यांचाच चांगला!"

"माझा भिकार आहे!"

"माझा तुझ्याहून भिकार!" म्हणत भोपळे सरांनी त्यांची गचांडी धरली. मुक्ता सोफ्यावर उभी राहून टाळ्या पिटू लागली.

ताईंनी दोघांना सोडवलं. "मग झालं तर! उद्यापासून तुम्ही ह्यांच्या क्लासला जा आणि तुम्ही ह्यांच्या. नम्रता आली की कळवा, मुक्ताला पाठवते."

कॉलनीतली पोरं अजून मैदानात लंगडीच खेळतायत.