ओवीखालचं छै

“म्हणजे मठात या एडिटरचं एकही पुस्तक नाही? मग तुम्ही शिकलात कसे, बुवा?”

गहिनीबुवांनी नुसतं कॉम्प्युटरकडे बोट केलं. जुनाट यंत्र. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. माऊस नाही, इंटरनेट नाही. त्यातल्या लिहिण्याच्या त्या एडिटरमध्ये बुवांनी वीस वर्षं मठातल्या पोथ्या उतरवून घेतल्या होत्या. आता हात थरथरायला लागले, म्हणून लिहिणारा माणूस हवा होता.

“अडलास तर यालाच विचार. हेल्प असं लिहायचं. सगळं याच्या पोटात आहे. आणि हा काही बोलला, तर वाचायचं.”

ऋत्विज पाटणकर गालातल्या गालात हसला. पुण्याच्या कंपनीत नऊ वर्षं घालवलेला माणूस, दोन महिन्यांची रजा काढून सेवेला आला होता. या एडिटरवरचं चारशे पानांचं पुस्तक त्यानं छापून, बांधून सोबत आणलं होतं. निम्म्या ओळी पिवळ्या मार्करनं रंगवलेल्या. एडिटर मात्र त्यानं आजवर एकदाही उघडला नव्हता.

“माझ्याकडे सगळं पानवार आहे, बुवा. त्याला कशाला विचारायचं?”

“बरं.”

तिसऱ्या दिवशी शेवटची पोथी निघाली. बुवांच्या गुरूंच्या हातची, शेवटचं एकच पान उतरवायचं राहिलेली. जगात दुसरी प्रत नाही, आणि हिची कसरीनं पार चाळण केलेली. बुवा पान डोळ्यांशी धरून एकेक ओवी वाचत, ऋत्विज मराठी कीबोर्डवर ती उतरवून घेई. दुपार होता होता शेवटच्या पानावरच्या एकवीस ओव्या झाल्या.

बुवांनी पान उचललं… आणि ते त्यांच्या बोटांतच विरलं.

तळहातावर तपकिरी भुगा राहिला. बुवांनी तो एका वाटीत ठेवला.

“तेवढं जतन कर, बाहेर ये, आणि जेवायला चल,” म्हणाले आणि हात धुवायला विहिरीकडे गेले.

ऋत्विजनं पुस्तक उघडलं. पान अठ्ठावीस. जतन करण्यासाठी कोलन आणि डब्ल्यू दाबा.

त्यानं दाबलं. शेवटच्या ओवीखाली उमटलं, छै.

त्यानं पुन्हा पान बघितलं. बरोबर तर होतं. पुन्हा दाबलं. छै. एडिटर अजून लिहिण्याच्याच तंद्रीत होता आणि कीबोर्ड मराठीत, त्यावर कोलन आणि डब्ल्यूच्या कळा म्हणजे छ आणि त्यावरच्या दोन मात्रा, हे पुस्तक लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार? ऋत्विजनं जोर लावून दाबलं. छै. सात वेळा झालं. बाहेरून बुवांची हाक आली. विहिरीवर जाऊन विचारलं असतं, तर दोन शब्दांचं काम होतं. पण पहिल्या दिवशी एवढी ऐट मिरवली होती, आता कुठल्या तोंडानं विचारणार?

त्यानं वाकून प्लग काढला.

पडदा विझला. सुटलो, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं.

बुवा पंचाला हात पुसत दारात आले. त्यांची नजर पडद्यावर गेली, मग जमिनीवर पडलेल्या प्लगवर.

“जतन झालं?”

“ते आपोआप होतं ना, बुवा… हल्ली सगळीकडे आपोआपच होतं.”

“इथे नाही होत.”

…

ऋत्विजनं वाटीकडे पाहिलं. खिडकीतून जरा वारा आला, तसा भुगा हलला, आणि त्यानं धावत जाऊन वाटीवर हात धरला. आता तो हात काढायची हिंमत होईना. एकवीस ओव्या. त्यातली एक तरी आठवते का, म्हणून तो डोकं खाजवू लागला. एकही आठवेना. ऐकताना त्याचं लक्ष स्वतःच्या टायपिंगच्या वेगाकडे होतं.

“तुम्हाला पाठ असतील ना, बुवा?”

“वीस वर्षांपूर्वी होत्या.”

बुवा रागावले असते, तर बरं झालं असतं. ते फक्त पलीकडे बसले.

“प्लग लाव.”

ऋत्विजनं वाटी वरून झाकून यंत्राशेजारी आणून ठेवली आणि एक हात तिच्यावर तसाच ठेवून दुसऱ्या हातानं प्लग लावला. यंत्र घरघरत उठलं. त्यानं पोथीची फाइल उघडली, आणि ओव्यांऐवजी पडदाभर इंग्रजी ओळी उभ्या राहिल्या. वर ठळक, सावधान. खाली पाच-सहा पर्याय. त्यातला एक ओळखीचा दिसला, काढून टाका, डी. ही ब्याद एकदा जाऊ दे म्हणून त्याचं बोट डीवर गेलं.

बुवांनी मनगट धरलं. त्या म्हाताऱ्या हातात एवढी ताकद असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

“वाच.”

“एरर आहे, बुवा. हे असलं नेहमी येतं.”

“वाच.”

“एरर कुणी वाचत नाही हो…”

“मोठ्यानं.”

तो वाचू लागला. या फाइलची एक कच्ची प्रत सापडली आहे. लिहिताना यंत्र बंद पडलं असावं. तसं असेल, तर लिहिलेलं परत मिळवा. कसं, ते हेल्पमध्ये आहे. परत मिळवण्यासाठी आर दाबा.

तो थांबला.

“पुढे?”

“पुढे काही नाही. आर दाबा, एवढंच.”

“मग दाब.”

ऋत्विजनं आर दाबला.

ओव्या आल्या. पहिली, दुसरी, दहावी… एकविसावीसुद्धा. तिच्याखाली एकाखाली एक सात वेळा छै.

बुवांनी कीबोर्ड ओढून घेतला. थरथरत्या एका बोटानं एस्केप दाबलं, भाषा बदलली, कोलन, डब्ल्यू. जतन झालं. तेव्हा कुठे ऋत्विजनं वाटीवरचा हात काढला आणि दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं.

“मी उद्या सकाळच्या गाडीनं जातो, बुवा. माझ्या हातात पोथी देऊ नका. आणि ते सात तेवढे पुसून टाका… बघवत नाहीत.”

बुवांनी ते पुसले नाहीत. त्यांनी दुसरीच फाइल उघडली, वीस वर्षांपूर्वीची, मठात उतरवलेली सगळ्यात पहिली पोथी. सावकाश खाली खाली नेत तिच्या शेवटाशी आणून ठेवली, आणि उठले.

ऋत्विजनं मान वर केली. शेवटच्या ओवीखाली होतं, छै. त्याखाली छै. त्याखालीही…

“हे कुणाचं, बुवा?”

बुवा दारात पोचले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“माझे अकरा आहेत. चल, भात निवतोय.”