राहणाऱ्याच्या पायांनी

“भाडं किती येईल हे आधी बघायचं नाही, तर मग काय बघायचं आक्का?”

तेजपालनं मोबाइल पुढं धरला होता. त्यावर त्याचं सगळं गणित मांडलेलं होतं. हप्ता, भाडं, दहा वर्षांनी फ्लॅटची किंमत.

चंपाक्का सुपात शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“बघ की. पण शेवटी बघ.”

मिरजेत चंपाक्का बिरनाळेंना ओळखत नाही असा एजंट नव्हता. ऐन तिशीत नवरा गेला तेव्हा त्यांनी घरामागं पत्र्याची एक खोली बांधून भाड्यानं दिली होती. आता सात खोल्या होत्या. त्यातली एखादी फार दिवस कुलपात राहिल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं.

तेजपाल शिरगावे त्यांच्या भाचीचा मुलगा. कारखान्यात इंजिनियर, हिशेबाला पक्का, आणि आपण पक्के आहोत हे जरा जास्तच ठाऊक असलेला. तो सल्ला घ्यायला आला नव्हता, होकार घ्यायला आला होता. कारण बायकोनं, स्नेहलनं, बजावलं होतं, “आक्का हो म्हणाल्या तरच माझ्या दागिन्यांना हात लावायचा.”

“वर्षाला किती महिन्यांचं भाडं धरलंस?” आक्कांनी विचारलं.

“बारा.”

“दहा धर. आणि त्या दहातलं एक घरालाच दे. नळ गळतात, मोटर जळते.”

तेजपाल हसला. “नवी कोरी इमारत आहे आक्का. आठवा मजला, सगळ्यात वरचा. खाली बाग, दोन लिफ्ट. सोमवारी टोकन दिलं नाही तर जाईल हातची.”

आक्का शेंगा फोडतच राहिल्या…

मग सूप बाजूला सारून उठल्या. “चल, दाखव.”

“आत्ता? भर दुपारी?”

“दुपारीच.”

एप्रिल होता. एजंट घोरपडे किल्ली घेऊन आला, कौतुकानं एकेक खोली उघडून दाखवू लागला. आक्कांनी चपला दाराबाहेर काढल्या. फरशी बघितली नाही, खिडकीतून बाहेर बघितलं नाही. आतल्या खोलीत गेल्या, पदराची घडी उशाला घेतली आणि जमिनीवर आडव्या झाल्या.

घोरपडे गडबडला. “आजींना चक्कर आली का?”

“नाही बाबा. निजले.” मग डोळे मिटूनच म्हणाल्या, “तेजू, तू पण नीज.”

तेजपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आक्कांना नाही कोण म्हणणार? तो इस्त्रीच्या शर्टानिशी फरशीवर आडवा झाला.

डोक्यावरचा स्लॅब तव्यासारखा तापला होता. पाच मिनिटांत पाठ भिजली. रस्त्यापलीकडं शटर बनवणाऱ्याचं वर्कशॉप होतं. तिथला ग्राइंडर सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. दात शिवशिवले. तेजपालनं कूस बदलली. दुसरी बदलली…

शेवटी तो उठून बसला.

“काय झालं?” आक्कांचे डोळे मिटलेलेच होते.

“झोप कुठली लागतेय इथं!”

आक्का उठल्या आणि चपला घालायला दाराकडं गेल्या.

परत जाताना त्या गेटपाशी थांबल्या. वॉचमनजवळ प्यायला पाणी मागितलं. त्यानं बाटलीतलं दिलं. मग आपणहूनच म्हणाला, “नळाचं नका पिऊ आजी, टँकरचं आहे. आणि वरचे फ्लॅट बघायला आला असाल तर निवांत बघा. सातव्यावर तीन रिकामे आहेत, दिवाळीपासून.”

तेजपाल घोरपडेकडं बघायला लागला. घोरपडे लिफ्टकडं.

रिक्षात तेजपालला राग आला होता. घोरपडेचा, आक्कांचा, आणि सगळ्यात जास्त त्या मोबाइलमधल्या गणिताचा, ज्यात ऊन कुठल्याच रकान्यात नव्हतं. सोमवारी त्यानं टोकन दिलं नाही. बुधवारी कळलं, तो फ्लॅट कुणीतरी घेतला. त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

रविवारी तो पुन्हा आक्कांच्या दारात उभा राहिला. या वेळी मोबाइल खिशात होता.

“मग घ्यायचं कुठं आक्का?”

“ज्याला राहायचंय त्याच्या पायांनी चाल.”

“म्हणजे?”

आक्का शेगडीवरचं दूध उतू जातंय का बघायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चहा घेऊन आल्या, उत्तर घेऊन नाही.

तेजपाल चिडत घरी गेला. पण वाक्य डोक्यातून जाईना. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! एके दिवशी दुपारी तो एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहिला. पाळी सुटली. नर्सेस, लॅबवाले, कंपाउंडर बाहेर पडले. काही रिक्षाला गेले, पण पुष्कळसे मागच्या गल्लीत वळले. तोही वळला. रोज कुठल्या ना कुठल्या गल्लीत असा महिनाभर वळत राहिला. पाणी कधी येतं, भाडं काय द्यावं लागतं, जुनी माणसं खोली का सोडतात, हे किराणा दुकानदारांना विचारत राहिला. त्यांनी घोरपडेपेक्षा जास्त सांगितलं, आणि तेही फुकट.

दवाखान्यामागच्या गल्लीतल्या एका पंचवीस वर्षं जुन्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या विकायच्या होत्या. भिंतीला पोपडे, न्हाणीघरात ओल. मागं कडुलिंब. मालकानं दार उघडून दिलं आणि तो शेजारी बोलायला गेला. तेजपालनं इकडंतिकडं पाहिलं, आणि फरशीवर आडवा झाला…

मालकानं हाक मारून उठवलं, तेव्हा पाऊण तास गेला होता.

वकिलाकडून कागद तपासून घेऊन त्यानं त्या खोल्या घेतल्या. किंमत त्या फ्लॅटच्या निम्म्यावर होती. स्नेहलचे दागिने कपाटात होते तिथंच राहिले. रंगारी ठरवून तो आक्कांना सांगायला गेला, तर त्या म्हणाल्या, “ओल आधी. रंग मग.” त्यानं रंगारी परत पाठवला आणि प्लंबर बोलावला. सहा महिने कुलूप राहिलं तरी हप्ता चुकू नये एवढी रक्कम वेगळी काढून ठेवली. आक्कांना न विचारता. ते सांगताना त्याला जरा अभिमान वाटला, आणि आक्कांनी दोन शेंगदाणे जास्त हातावर ठेवले.

भाडेकरू दोन आले.

पहिला मोटारीतून आला. दोन हजार जास्त देतो म्हणाला; फक्त कागदबिगद नको, आधारकार्ड नंतर बघू.

दुसरी सुवार्ता आवळे, दवाखान्यात नर्स. तिनं ना स्वयंपाकाचा कट्टा बघितला ना कपाट. आतल्या खोलीत उभी राहून थोडा वेळ कान दिला आणि विचारलं, “माझी रात्रपाळी असते. दुपारी इथं झोप लागेल का?”

तेजपालला एकदम हसू आलं. तिला वाटलं आपलं काही चुकलं.

“लागते,” तो म्हणाला. “मी झोपून बघितलंय.”

मोटारवाल्याला त्यानं फोन करून नाही सांगितलं. दोन हजारांची हळहळ झालीच, पण रीतसर करार नोंदवला, पोलीस ठाण्यात माहिती दिली आणि किल्ली सुवार्ता आणि तिच्या नवऱ्याच्या हातात ठेवली.

पंधरा दिवसांनी तेजपाल फोन करून, विचारून, न्हाणीघरातली ओल सुकली का ते बघायला गेला. तिथून तो सरळ आक्कांच्या घरी आला. चेहरा लाल झाला होता.

“आक्का, तुमचं ऐकून त्या पोरीला जागा दिली मी!”

“मी कुठं सांगितलं कुणाला द्यायची ते?”

तेजपाल अडखळला. “ते जाऊ दे. बाहेरच्या खोलीची भिंत आठवते? नवाकोरा गिलावा, त्यावर दोन हात रंग. तिच्यात हा एवढा खिळा ठोकलाय! विचारलंसुद्धा नाही!”

“बरोबर मधोमध?”

“मधोमध!”

आक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

“काय अडकवलंय त्याला?”

“काय अडकवणार… त्यांच्या लग्नाचा फोटो.”

आक्का त्याच्याकडं बघत राहिल्या… बघता बघता त्यांचा सगळा चेहरा हसला.

“पेढे आण, तेजू. जाणारा माणूस भिंतीला खिळा ठोकत नाही.”